जुन्याला कळतं का

मी आईला 'जेवलीस का' असं लिहून पाठवलं आणि मान वर केली, तर समोरच्या फुटपाथवर आईच बसली होती. दातांच्या, डोळ्यांच्या, हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्यांनी भरलेली एक इमारत आहे तिथे, तिच्या दाराशी एक लांबट बाक आहे, त्यावर. शेजारी वहिनी. मी ऑफिसातून जरा पाय मोकळे करायला बाहेर पडले होते, एका हातात अर्धं सँडविच, दुसऱ्यात फोन, रस्ता ओलांडायच्या सिग्नलची वाट बघत. माझा चेहरा एकदम फुलला असणार, कारण शेजारचा अनोळखी माणूस मी कुणाकडे बघून हसतेय ते वळून बघायला लागला. आई! चक्क माझ्या ऑफिससमोर! मी सँडविचसकट हात वर केला. आईची लांबची नजर अलीकडे गेलेलीच आहे, तिला मी दिसले नाही. तिचे दोन्ही हात मांडीत होते, एकावर एक ठेवलेले, कुणीतरी तसे ठेवून दिल्यासारखे. तेवढ्यात वहिनीने पर्समधून एक फोन काढला. तपकिरी कव्हर, एका कोपऱ्याला सोललेलं. ते कव्हर मीच घेऊन दिलंय. वहिनीचा अंगठा भराभर चालला, थांबला, आणि माझ्या मुठीत फोन थरथरला. आई. 'जेवले. आता जरा पडते.'

सिग्नल हिरवा झाला, लोक मला धक्के देत पुढे गेले, पुन्हा लाल झाला. मी खांबासारखी उभी. अशा वेळी माणसाला काही सुचत नाही म्हणतात, मला उलट नको तेवढं सुचत होतं. आई चष्मा विसरली असेल, म्हणून वहिनी लिहीत असेल. साधी गोष्ट आहे. पण आईचे ओठ हललेच नव्हते. वहिनीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आणि 'आता जरा पडते' म्हणे! बाकावर ताठ बसलेली बाई पडते? हे खोटं तरी सावरता आलं असतं, घरी काळजी नको म्हणून आपण सगळेच बोलतो असं. मला गार केलं ते त्या वाक्याने. ते वाक्य आईचं होतं. आई अशीच लिहिते, दोन तुकडे, मध्ये टिंब, वॉर्डातल्या केसपेपरवर लिहिल्यासारखं. त्यात एक अक्षर कमी नव्हतं की जास्त नव्हतं. मी ते रोज वाचते आणि रोज ते वाचून माझा जीव भांड्यात पडतो. आता मी ते वाचलं आणि माझ्या तोंडातला घास तसाच राहिला, गिळायचा कसा तेच आठवेना.

कारण मी काय बघितलं ते मला कळलं होतं. इतरांना कळलं नसतं कदाचित. माझं तर कामच ते आहे. शहरात कुणी अँब्युलन्ससाठी फोन केला, की जवळची गाडी कुठली, तिने कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या हॉस्पिटलात खाट रिकामी आहे, हे ठरवणारी यंत्रणा आमची. ती एका कॉम्प्युटरवर नाही, निरनिराळ्या ठिकाणच्या खूप कॉम्प्युटरांवर मिळून चालते, आणि ती थांबवता येत नाही. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावायची सोय नाही. पण बदलावी तर लागते, सगळंच जुनं होतं. म्हणून आम्ही ती चालू असतानाच बदलतो. नवा भाग आणायचा आणि जुन्याशेजारी मुकाट्याने बसवायचा. येणारी प्रत्येक हाक दोघांनाही ऐकवायची. उत्तर जुन्याचंच बाहेर जाऊ द्यायचं, नव्याचं नुसतं ताडून बघायचं आणि टाकून द्यायचं. चुकला तर शिकवायचा. उत्तरं जुळायला लागली की थोडी थोडी कामं नव्याकडे वळवायची. मग एक दिवस जुन्याकडे नवीन काही येत नाही, हातातलं असेल तेवढं तो उरकतो, आणि रिकामा झाला की आम्ही त्याला बंद करतो. बाहेरच्या माणसाला काही कळलं तर आम्ही नापास. फोन करणाऱ्याला तोच आवाज, तीच घाई, तीच गाडी. मी या कामात फार चांगली आहे. लोकांना मी हे शिकवते. आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मला पहिल्यांदा कळत होतं, की फोन करणाऱ्याच्या जागी उभं राहिलं की कसं वाटतं.

हे सगळं मी एकदा आईला समजावून सांगितलं होतं. आई राहते त्या दादाकडच्या स्वयंपाकघरात, ती चहा करत होती आणि मी ओट्याला टेकून बडबडत होते. तेव्हा मी त्यांच्याकडे बऱ्यापैकी जायचे. आईने आयुष्यभर नर्सचं काम केलं, त्यामुळे तिला माझ्या कामातलं फारसं काही नवीन वाटत नाही, याचा मला नेहमी थोडा राग. "म्हणजे पाळी संपताना पुढच्या नर्सला ड्यूटी देण्यासारखंच की," ती म्हणाली. "पेशंटचा डोळा लागलेला असतो. उठतो तेव्हा वेगळी बाई असते, पण सलाईन तेच." मग गॅस बारीक करून तिने विचारलं, "आणि जुन्याला कळतं का?" मी म्हटलं, काय? "हेच. की आपल्याकडे आता काही येत नाही." मी खो खो हसले. "आई, सॉफ्टवेअर आहे गं ते. त्याला काय कळायचंय?" "बरं," ती म्हणाली, आणि माझ्यामागच्या खुंटीकडे बोट करत म्हणाली, "ते... ते हे दे." मी गाळणं दिलं. 'ते हे' कुणाच्या घरात म्हणत नाहीत? साठीपुढचं माणूस असलेल्या प्रत्येक घरात अर्ध्या वस्तूंचं नाव 'ते हे'च असतं. पण ती गाळणं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली होती, जरा जास्तच वेळ, हे मला तिथे रस्त्यावर आठवलं. तेव्हा मी माझ्याच विनोदावर हसत होते.

फोन वाजला. आमच्या टीममधला कासव. कुठलंही काम तीनदा तपासल्याशिवाय करत नाही म्हणून त्याचं नाव कासव, आणि त्याला ते आवडतं. "ताई, सगळं नव्यावर गेलंय. एक तक्रार नाही. जुना बंद करू ना?" आजच आमचा एक मोठा भाग बदलत होता, कित्येक आठवड्यांची मेहनत, आणि शेवटचा होकार माझा. मी म्हटलं, थांब. "काही दिसलं का तुम्हाला?" काही दिसलं का! मी समोर बघत होते. आईच्या खांद्यावरून पदर घसरला, वहिनीने तो सारखा केला, आईला ते कळलंसुद्धा नाही. "राहू दे त्याला चालू," मी म्हटलं. "पण त्याच्याकडे काही जातच नाहीये, ताई. उगाच रिकामा फिरतोय." "फिरू दे रे!" मी ओरडले, इतक्या जोरात की आजूबाजूचे लोक दचकले. मी त्याच्यावर कधी ओरडत नाही.

सिग्नल पुन्हा हिरवा झाला तेव्हा मला आईचं ते एक वाक्य आठवलं. मी नवऱ्याला सोडलं तेव्हा आई काही बोलली नाही. दादाने आरडाओरडा केला, ते परवडलं. आईने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. त्यानंतर मी गेले की ती समोर येऊन बसायची, पण बोलायची नाही, नुसती माझ्या हातांकडे बघायची, आणि वहिनी चहाचं, हवेचं, पाण्याच्या टाकीचं बोलत राहायची. मी म्हटलं, राग धरलाय, धरू दे. जाणं कमी केलं. फोनवर तर ती पूर्वीपासूनच दोन शब्द बोलून दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग 'ऐकू नीट येत नाही, लिहीत जा' असा मेसेज आला आणि तेही बंद झालं. राहिलं ते हे लिहिणं. त्यातच एका सकाळी, मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते, आईचं वाक्य आलं. 'तू केलंस ते बरोबर केलंस.' बस. पुढे नाही, मागे नाही. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन इतकी रडले की तोंड सुजलं, आणि संध्याकाळी नवीन पडदे घेऊन घरी गेले. माझं एकटीचं घर त्या दिवसापासून घर झालं. नंतर आई हळूहळू मवाळच होत गेली. तापात मी तिचा पदर कसा सोडत नसे ते लिहायची, शाळेच्या पहिल्या दिवशी मी मास्तरांना काय म्हणाले ते लिहायची. मी कासवाला दाखवायचे. "बघ, या वयात माझ्या आईला बोलायला यायला लागलं." मी हे खरंच म्हणाले होते. रस्ता ओलांडताना ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं.

मी बाकासमोर उभी राहिले तेव्हा वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आईने मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. ओळखून, अगदी पूर्ण ओळखून हसली. तोंड उघडलं, जीभ हलली, काहीतरी 'त' सारखं आलं आणि विरलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिला राग आला, स्वतःचाच, तो मला दिसला, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तेव्हाच आतून बोलण्याचे धडे घेणारी एक बाई आली, आईच्या दंडाला धरून "चला आजी, आज चित्रं बघायचीत ना" म्हणत तिला घेऊन गेली. आई जाताना मागे वळून वहिनीकडे बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती. हे मला इतकं लागलं की मी काय विचारणार होते तेच विसरले.

"केव्हापासून?" मी म्हटलं.

"बसा ना तुम्ही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, केव्हापासून?"

"शब्द जायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं. शेवटपर्यंत समजेल कदाचित. फक्त बोलणं आणि लिहिणं जाईल, हळूहळू." तिने पर्सची चेन उघडली, बंद केली. "त्यांनाच आधी कळलं. त्यांनी आम्हाला सांगितलं, आम्ही नाही त्यांना."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली. तुमचं तेव्हा ते घरचं चालू होतं सगळं. म्हणाल्या, तिला आत्ता हे नको. तिला कळायला नको." वहिनीने आतल्या दाराकडे बघितलं. "कसं करायचं तेसुद्धा त्यांनीच ठरवलं. म्हणाल्या, मुलीने मला शिकवलंय."

मी बसले. बाक उन्हाने तापलेला होता. वहिनी खाली बघून सांगत राहिली, आणि मी तिच्याआधीच पुढचं वाक्य ओळखत होते, आपल्याच तोंडचं कुणी पाठ म्हणावं तसं. आधी आई सांगायची आणि वहिनी लिहायची. मग वहिनी आपल्या मनाने लिहायची आणि आईला दाखवायची. पाठवायचं मात्र आईचंच. चूक असेल तिथे आई बोट ठेवायची. 'हे मी असं म्हणणार नाही.' बोलता येत होतं तोवर रोज दुपारी आई वहिनीला समोर बसवून माझं लहानपण सांगायची, पुढे लागेल म्हणून. ताप, पदर, मास्तर, सगळं. मग साधे मेसेज आईला न दाखवता जायला लागले. मग सगळेच. माझी आई स्वतःची ड्यूटी देत होती, माझ्या पद्धतीने, एक पायरी न चुकवता, आणि मी पेशंटसारखी झोपले होते. राग कुणाचा करायचा? ही समोरची बाई मला लग्न होऊन आल्यापासून 'तुम्ही' म्हणते. चहा देताना कप माझ्याकडे ढकलते, हातात देत नाही, इतकं आमच्यात अंतर. आणि हीच बाई कित्येक महिने मला 'अगं' म्हणत होती, 'वेडे' म्हणत होती, 'तुझी आठवण येते' म्हणत होती, आणि मी तिला उशीजवळ घेऊन झोपत होते. मला तिचा भयंकर मत्सर वाटला. माझं सगळं लहानपण तिच्याकडे होतं, माझ्याकडे तर त्यातलं निम्मंसुद्धा नव्हतं.

"एक मेसेज होता," मी म्हटलं. "घर सोडल्यानंतरचा."

वहिनीला कुठला ते विचारावं लागलं नाही. "तो माझा," ती म्हणाली.

आत कुणीतरी चित्रं दाखवत होतं, त्या बाईचा लाडीक आवाज येत होता, हे काय आहे, आजी, हे काय आहे. आईचा आवाज येत नव्हता.

"म्हणजे मलाच तसं वाटत होतं," वहिनी म्हणाली. "तुमच्या दादासमोर मला ते बोलता आलं नसतं. तुम्हालाही नसतं सांगता आलं. त्यांच्या नावाने लिहिलं. त्यांना दाखवलं, तेव्हा दाखवायची पद्धत होती. त्यांनी पुसलं."

"पुसलं."

"हो. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. परत पुसलं. रागावल्या माझ्यावर." तिने आता माझ्याकडे बघितलं. "तिसऱ्या दिवशी लिहून दिलं तेव्हा खूप वेळ फोन धरून बसल्या. पुसलं नाही. पाठवलंही नाही. फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून गॅलरीत गेल्या. मग मी पाठवलं."

मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. मी ज्या वाक्यावर पडदे लावले, ज्याच्या जोरावर सकाळी उठत होते, ते आईने पुसलं होतं, एकदा नाही, दोनदा. पायाखाली काही आहे की नाही ते बघायला मी खरोखर खाली बघितलं. सँडविचचे तुकडे पडले होते आणि माझ्या बुटाला लोणी लागलं होतं. आणि त्याच वेळी मला गॅलरीतली आई इतकी स्पष्ट दिसली, पाठमोरी, कठड्यावर हात, की तिथे मी उभी असल्यासारखं वाटलं. वहिनीच्या सगळ्या सांगण्यात ही तेवढी एकच जागा होती जिथे मी कुणाच्याही सांगण्याशिवाय आईला ओळखलं असतं. उठून गेली. तीच ती. मेसेजांमधली ती लाघवी बाई मला आवडत होती, फार आवडत होती. ही उठून जाणारी माझी आई होती.

आई बाहेर आली. तिच्या हातात एक चित्र होतं, किल्लीचं, ते परत करायचं राहून गेलं होतं. मी उभी राहिले. मला विचारायचं होतं, तिथल्या तिथे, आई, मी केलं ते बरोबर केलं का, मान तरी हलव. डॉक्टर म्हणतात ना समजतं म्हणून. पण तिने आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहिनीकडे, आणि तिला कळलं. मला सगळं समजलंय हे तिला कळलं. तिचा चेहरा असा झाला की मी आजवर तो बघितला नव्हता: चोरी पकडलेल्या माणसाचा. आयुष्यभर इतरांना खोटं बोलू न देणारी माझी आई. मी तिच्या खांद्याला धरून टॅक्सीपर्यंत नेलं. बसताना तिने माझ्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, उलटं झालं होतं ते, सरळ केलं. दार लावताना वहिनीने हळूच विचारलं, "उद्यापासून पाठवू की नको?" टॅक्सी गेली.

दुपारभर मी पडद्यावरच्या आलेखांकडे बघत बसले. नवा भाग सुरेख चालला होता. जुन्याची रेघ तळाशी सपाट पडलेली, पण होती. कासवाने बंद करण्याचं नाव काढलं नाही, फक्त येऊन चहाचा कप माझ्या हातात दिला. "एवढी काय माया त्या जुन्यावर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "त्याला कळतं रे." तो हसला. मी त्या वेळी आईसमोर हसले होते, अगदी तसाच.

घरी येऊन कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि नेहमीच्या वेळी फोन थरथरला. 'पोचलीस का? काहीतरी गरम खा.' आईचं वाक्य, दोन तुकडे. सगळं माहीत असूनही माझा जीव भांड्यात पडला. सवय किती निर्लज्ज असते! मी 'पोचले वहिनी' असं लिहिलं, पुसलं. 'पोचले आई' लिहिलं, तेही पुसलं. मग गळ्यातलं ओळखपत्र न काढता, पलंगाच्या कडेवर बसून, मी जे बाकाजवळ विचारू शकले नाही ते लिहिलं. 'आई, ते वाक्य तू मला येऊ दिलंस ना?' आणि पाठवलं. वाचल्याची खूण लगेच आली. वहिनीने वाचलं होतं. आता ती काहीतरी छान लिहील, आईसारखं, आणि माझ्याने ते सहन होणार नाही, असं मला वाटलं. लिहितेय, असं दिसलं. थांबलं. पुन्हा लिहितेय. खूप वेळ लिहितेय. इतका वेळ वहिनीला लागत नाही, तिचा अंगठा मी बघितलाय.

मग आलं. 'ममक रत त ल'.

आणि लगेच त्याखाली दुसरं, त्याच नावाने: 'हे त्यांनी स्वतः लिहिलंय. तुमचा मेसेज मी त्यांना दाखवला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मी कशालाही हात लावलेला नाही.'

मी वरची अक्षरं वाचली. मोठ्याने वाचून बघितली. उलटी वाचली. त्यातून हो निघत नव्हतं आणि नाहीही निघत नव्हतं, काहीच निघत नव्हतं. कुठल्याही नव्या भागाला असं लिहिता आलं नसतं. मी ओक्साबोक्शी रडायला लागले, आणि रडतच उठून बुटाचं लोणी पुसलं, दार उघडलं आणि दादाकडे जायला निघाले.